लिंबाचे चार थेंब

रविवारी चर्चहून परतल्यावर, मक्याच्या पिठाच्या साद्झाचं पातेलं चुलीवर चढायच्या आत, न्याराद्झोने आपल्या वडिलांना अंगणातल्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, जीभ बाहेर काढा."

बाबांनी काढली. का, कशाला, काही विचारलं नाही. गुटूच्या बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोक त्यांच्यासमोर मुका रेडिओ ठेवून तासतासभर गप्पा मारत आणि बाबा त्याचं पोट उघडून आत बघत बसत. दुरुस्त झाला की बटण फिरवून एका श्वासापुरता वाजवायचे, बंद करायचे, आणि म्हणायचे, "हं." तेवढंच.

"अगं बाई, शुम्बाने जबडा उघडला!" टेटे एस्नाथने टाळी वाजवली. टेटे म्हणजे आत्या. बाबांची धाकटी बहीण. शुम्बा म्हणजे सिंह, त्यांच्या कुळाचं नाव. "सिंहाचं कुळ आपलं, पण या सिंहाची डरकाळी काही मी ऐकली नाही. आईच्या पोटातून बाहेर आला तेव्हासुद्धा रडला नव्हता म्हणतात. सुईणीने दोन चापट्या मारल्या, तर तिच्याकडे नुसतं बघितलं."

"टेटे, तुमचा नंबर नंतर आहे. तोवर जरा गप्प."

"गप्प बसायला मला काय धाड भरलीय?"

न्याराद्झो मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायची, दोन वर्षांपासून तिथली मुख्याध्यापिकाही होती. तिच्या हातात कान साफ करायची कापसाची काडी होती, बरोबर मध्यावर दोरा बांधलेली, तराजूच्या दांडीसारखी. एक टोक तिने बाबांच्या जिभेवर वीस आकडे मोजेपर्यंत धरलं. मग लिंबाचे चार थेंब जिभेवर टाकले, गिळायला लावले आणि दुसरं टोक तसंच धरलं. दोरा उचलला तशी काडी लिंबाच्या बाजूला झुकली. थोडीथोडकी नाही, पाणी भरायला विहिरीत सोडलेल्या बादलीसारखी.

टेटेची काडी जवळपास आडवीच राहिली. अर्थात वीस आकडे होईपर्यंत ती दोनदा बोलली होती, त्यामुळे प्रयोग तीन वेळा करावा लागला.

"म्हणजे मी पास की नापास?"

"यात पास-नापास नसतं, टेटे. काही माणसांचा मेंदू आधीच जागा असतो. थोडंसं आंबट, थोडासा आवाज, चार माणसं, एवढ्यानेच तो भरून जातो. म्हणून त्यांच्या तोंडाला पाणीही जास्त सुटतं, असं म्हणतात. काहींचा मेंदू मात्र उपाशी असतो. गर्दी, गाणं, थट्टा मिळाली की त्यांच्या डोक्यात डोपामाईन नावाचं एक रसायन जोरात चालतं आणि त्यांना मजा येते. शांत माणसांना तेच रसायन जड होतं, त्यांना समाधान देणारं रसायन वेगळं, असं काहीजण मानतात. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. आणि एका काडीवरून माणूस ओळखता येत नाही."

"मग कशाला माझ्या तोंडात कोंबलीस?" टेटे म्हणाली. "एवढं मात्र कळलं, की मी उपाशी आणि हा जेवलेला. लहानपणापासून उलटंच होतं, माझ्या ताटातलं हाच खायचा."

बाबा काडीकडेच बघत होते. मग म्हणाले, "काही रेडिओ लांबचं स्टेशन पकडतात. अगदी बारीक. त्यांच्या शेजारी कोणी मोठ्याने वाजवलं की आवाज फाटतो. लोकांना वाटतं, बिघडलाय."

न्याराद्झोच्या आठवणीत बाबांचं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं.

"तुझी काडी?" बाबांनी विचारलं.

"माझी? सरळच राहिली," न्याराद्झो म्हणाली आणि लिंबाची साल उचलून आत गेली.

हे खोटं होतं. गुरुवारी शाळेच्या प्रयोगशाळेत, दार लावून, तिने स्वतःची काडी करून पाहिली होती. ती एवढी झुकली की दोऱ्याच्या गाठीतून निसटून टेबलावर पडली. तिला नवल वाटलं नाही. रोज सकाळी आठशे मुलांपुढे ती खणखणीत बोलायची, पालकांना हसवायची, आणि शाळा सुटली की खडूंच्या खोक्यांच्या खोलीत आतून कडी लावून अर्धा तास नुसती बसायची. हिशेब तपासतात बाई, असं शिपाई सांगायचा.

मग बाबांनाच का सांगितलं नाही? कारण तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

अकरा वर्षांपूर्वी ती विद्यापीठाची पदवी घेऊन आली तेव्हा घरी दोन बोकड कापले होते. मोठ्या पातेल्यांत शेंगदाण्याच्या कुटातला भात शिजत होता, ढोल वाजत होते, अख्खं गाव जमलं होतं. अशा वेळी मुलीच्या बापाने उभं राहून दोन शब्द बोलायचे असतात. नाव पुकारलं गेलं आणि बाबांची खुर्ची रिकामी दिसली. दुसऱ्यांदा पुकारलं. लोक माना वळवू लागले. न्याराद्झोने उभं राहून हसत हसत म्हटलं, "माझ्या बाबांच्या हातून मुके रेडिओ बोलायला लागतात. फक्त स्वतःचाच काही त्यांना दुरुस्त करता आला नाही."

लोक पोट धरधरून हसले. हसू ओसरलं तेव्हा तिला घराच्या कोपऱ्यावर बाबा दिसले. हातात टोपी. ते येऊन खुर्चीत बसले आणि जेवले. त्या वाक्याबद्दल पुढे कोणीच काही बोललं नाही, तीही नाही.

तेव्हापासून तिने पुष्कळ वाचलं होतं. मेंदूबद्दल, रसायनांबद्दल, बोलक्या आणि अबोल माणसांबद्दल. रविवारी काडी आणि लिंबू घेऊन ती गावी आली ती खरं तर माफी मागायला. पण मास्तरीण ती. माफीऐवजी धडा देऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, बाबा दुकानात कामाच्या टेबलावर डोकं टेकून बसल्यासारखे दिसले. समोर उघडा रेडिओ, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळई अजून गरम. मुसेकिवाने आधी सळईची पिन काढली, मग मित्राचे डोळे मिटले.

मुसेकिवा बाबांचा साहविरा. साहविरा नुसता मित्र नसतो. दोन घराण्यांचं ते पिढ्यांचं नातं. मयताच्या दारातही थट्टा करायचा आणि घरच्यांना जे कोणी सांगू धजत नाही ते सांगायचा हक्क त्याला असतो. कबर कुठे खणायची हे तोच ठरवतो, रडून रडून बेशुद्ध पडायला आलेल्या बायकांना तोच हसवतो.

बुधवारी सकाळी, शवपेटी उचलायच्या आधी, ढोल वाजत असतानाच तो बाबांचा तपकिरी कोट घालून अंगणात आला. डोक्यावर त्यांची टोपी, नाकावर त्यांचा चष्मा, दोरीने बांधलेल्या काडीचा. ज्याच्या अंगात मयताचे कपडे, त्याच्याशी मयताशीच बोलावं, अशी रीत. बायकांनी लगेच त्याला घेरलं.

"शुम्बा, माझा रेडिओ कधी देणार?"

मुसेकिवा बाकावर बसला. मांडीवर मोकळं खोकं घेतलं, त्यात डोकं खुपसलं.

"शुम्बा, तुमची बहीण म्हणते तुम्ही तिच्या ताटातलं खायचा!"

काही नाही.

"अहो शुम्बा, घराला आग लागलीय!"

मुसेकिवाने सावकाश मान वर केली, चष्म्यावरून बघितलं, आणि म्हणाला, "हं."

अंगण हसण्याने फुटलं. टेटे एस्नाथ तर जमिनीवर बसून हसत होती, आणि हसता हसता तिचं हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही. न्याराद्झो सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवस तिने आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवले होते, प्रत्येकाला नीट उत्तर दिलं होतं. डोळ्यांतून थेंब काढला नव्हता.

मुसेकिवाने खोकं बाजूला ठेवलं. टोपी काढून हातात घेतली. "आता न्याराद्झोच्या पदवीचा दिवस," तो म्हणाला. "हे तुम्ही कोणी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

तो अंगण ओलांडून गोठ्यापाशी गेला. तिथे बांधलेल्या शेळीसमोर उभा राहिला, कोट सारखा केला. "पाहुण्यांनो," तो शेळीला म्हणाला. घसा खाकरला. "पाहुण्यांनो, माझी मुलगी..." शेळीने पाठ फिरवली. तो तिच्या पुढच्या बाजूला गेला. "पाहुण्यांनो, माझी मुलगी... जे मला..." बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. ढोल थांबले होते. लोक आधी खिदळले, मग पुढे सरकून ऐकू लागले.

"चार वाक्यं होती," मुसेकिवा स्वतःच्या आवाजात म्हणाला. "आठवडाभर दुकानात माझ्यासमोर पाठ करत होता. मी म्हटलं, कागदावर लिही. म्हणाला, बाप कागदावरून वाचत नाही. नाव पुकारलं तेव्हा चौथं वाक्य राहिलं होतं. जमलं एकदाचं, तसा टोपी हातात धरून निघाला. कोपऱ्यापर्यंत आला होता." पुढे काय झालं ते तो बोलला नाही. त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे न्याराद्झोला कळलं.

तो परत येऊन तिच्यासमोर बाकावर बसला. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. टेटेने तिच्या पाठीला हात लावला. "बोल गं. बाप बसलाय समोर. मास्तरीणबाई, एरवी तर..."

न्याराद्झो उठली. शेपाचशे माणसं बघत होती. तिचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. ती बाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली, मोठ्या माणसासमोर बसतात तशी. दोन्ही तळहात जुळवून आदराच्या हलक्या टाळ्या वाजवल्या. कोटाला डाग देण्याच्या धुराचा वास येत होता.

"बाबा," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नसेल. ती थांबली, घसा खाकरला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "बाबा, रविवारी मी खोटं बोलले. माझी काडी सरळ नव्हती. तुमच्यापेक्षाही जास्त झुकली होती. आणि त्या दिवशी मी जे बोलले, ते तुमच्याबद्दल नव्हतं, बाबा. मला भीती वाटली होती, की लोकांना कळेल मी कोणाची मुलगी आहे. मी तुमचीच आहे. मला माफ करा."