उभ्या रॅकची धाकधूक

मित्रांनो, प्रत्येक थोर शिक्षणसंस्थेचा आरंभ एखाद्या साध्या कोपऱ्यात होतो. मी अशीच एक संस्था आहे. म्हणजे, खरे सांगायचे तर, मी एक जुना चपलांचा रॅक आहे.

सुताराने मला प्लायवुडपासून उंच आणि अरुंद बनवले, उभे केले आणि एका बोटाने ढकलून पाहिले. मी डुललो. "तळाला जड जोडे ठेवा आणि भिंतीला पट्टी मारून घ्या," तो म्हणाला, "नाहीतर हा कधी लोटांगण घालेल, नेम नाही." घरच्यांनी माना डोलावल्या. त्याने दिलेली लोखंडी पट्टी ड्रॉवरमध्ये गेली आणि तिथेच सुखाने राहिली.

तरी उमेदीची वर्षे बरी गेली. तळाशी घरातल्या आजोबांचे, म्हणजे आबांचे, जाडजूड बूट असत, त्यामुळे माझे पाय जमिनीवर होते. वासाबद्दल मी बोलत नाही.

मग चिंगीच्या आईने मला साबणाने घासले, पिवळा रंग दिला आणि बाहेरच्या खोलीत आणले. चिंगी म्हणजे घरातले शेंडेफळ. अजून शाळेत जात नव्हती. आईने माझ्या कप्प्यांत ट्रे मांडले. एकात चमच्याने या वाटीतून त्या वाटीत टाकायचे दाणे, एकात रंगांप्रमाणे लावायची बटणे, एकात जोड्या जुळवायची चित्रे. चिंगीने आपला ट्रे आपण घ्यायचा, आपण खेळायचे, सांडले तर आपण पुसायचे आणि बटण वाटीत जाते, तोंडात नाही. मोठ्यांनी मध्ये पडायचे नाही.

येणारे जाणारे कौतुक करू लागले. मी मात्र आतून गारठलो होतो. बूट गेले होते आणि तळाच्या कप्प्यात चिमट्याने उचलायचे कापसाचे गोळे आले होते. कापूस, मित्रांनो!

आणि माझ्या डोक्यावर पाणी. एका छोट्या भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतायचा तो ट्रे चिंगीचा सर्वांत लाडका. पण पाणी सांडते, म्हणून आईने तो सर्वांत वर ठेवला. "आपण असू तेव्हा काढून देऊ." जिला दिवसभर 'तुझं तू घे' शिकवले, ती आता वाट बघत बसेल, असे फक्त मोठ्यांनाच वाटले.

चिंगी रोज माझ्यासमोर उभी राही. आधी वर पाही, मग माझ्या कप्प्यांकडे. ती त्यांच्याकडे जिन्याच्या पायऱ्यांकडे पाहावे तशी पाही. मला ओरडता येत नव्हते. मी नुसता करकरे.

"फार करकरतो हा," चिंगीचे वडील म्हणत. "रविवारी बघतो." रविवार येत आणि माझ्यासमोरून जात.

आबा म्हणजे निवृत्त शिंपी. बटणे त्यांच्याच डब्यातली. निळ्यांत काळे बटण दिसले की त्यांचा जीव कासावीस होई.

"अगं, ते काळं आहे, काळं!"

"आबा, तिचं तिला चुकू द्या ना."

"चुकू दे? गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकेल!"

अखेर आबांना त्यांच्या लाकडी खुर्चीसकट खिडकीपाशी हद्दपार करण्यात आले.

एका सकाळी आई स्वयंपाकघरात, वडील फोनवर. मैदान मोकळे बघून आबांनी खुर्ची हळूच माझ्यापाशी आणली, अर्धी माझ्यासमोर, आणि गुपचूप बटणे लावू लागले.

"आबा, काय चाललंय?" आतून आवाज आला.

"काही नाही, काही नाही!" आबांनी ट्रे परत सरकवला आणि हवापाणी बघायला खिडकीशी गेले. खुर्ची तिथेच राहिली.

चिंगीने खुर्चीला हात लावला नाही. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हेही तिला शिकवले होते. तिने माझ्या खालच्या कप्प्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. माझी पाठ भिंतीपासून सुटली. मी सारे बळ एकवटले, पण प्लायवुडचे बळ ते किती! मी तिच्यावर पडत होतो, मित्रांनो, आणि मला थांबता येत नव्हते.

खाडकन आवाज झाला. खुर्चीच्या उंच पाठीने मला अडवले होते. पाणी, दाणे, बटणे सगळीकडे उडाली. आई दारात थिजली होती.

मग माझ्याखालच्या सांदीतून ओल्या केसांचे एक डोके बाहेर आले.

"मी पुसते हं," चिंगी म्हणाली.

आईने तिला उचलून छातीशी धरले. मग तिने विचारले, "खुर्ची इथे कशी?"

"मी... बटणं लावत होतो," आबा पुटपुटले.

"लावा," आई म्हणाली. "रोज लावा."

वडिलांनी धावत पट्टी शोधून आणली, पण आईने रविवारची वाट पाहिली नाही. तिने मला तिथल्या तिथे आडवे केले. आता सगळे ट्रे चिंगीच्या हाताशी आहेत, पाण्याचासुद्धा, आणि शेजारी फडके. आडव्याला आणखी कुठे पडायचे?

मित्रांनो, आपल्या घरातले उंच कपाट एकदा हलवून पाहा. डुलले, तर घरच्यांना भिंतीला पट्टी मारायला लावा. आणि मुलांना जे हवेसे वाटते, ते डोक्यावर ठेवू नका.

आणि हो, एक बारीकशी विनंती. त्या दिवशीचे एक निळे बटण माझ्या कुशीखाली राहिले आहे. चिंगीला ते अजून दिसलेले नाही. तिने आपले आपण मला उचलायला घेण्याआधी कुणी मला जरासे उचलून ते काढाल का? टोचतेही फार.