यशोदाचा हंडा

धुळ्याच्या बाल कल्याण मंडळाने नऊ वर्षांची तानू तिच्या मामाच्या, म्हणजे अभिमनच्या, ताब्यात दिली. पण हे झालंच नाही असं तूर्त धरू. अभिमनलाही तेच सोयीचं आहे.

त्याची विधवा बहीण यशोदा शिंदखेड्याला वारली. दहावा उरकल्यावर त्याने तिच्या घरातला पितळी हंडा उचलला आणि भाचीला म्हणाला, "तू थांब, पुढला बाजारले येस." तिला न्यायला यायचा तो बाजार काही भरला नाही. शेजाऱ्यांनी पोरीला पोलिसांकडे नेलं, पोलिसांनी निरीक्षणगृहात. आठ महिन्यांनी मंडळाची नोटीस शिरपूरजवळच्या त्याच्या गावी आली: नातलगाने अर्ज करावा, आमच्या बाई घर बघायला येतील.

'घर बघायला' म्हटल्यावर त्याच्या बायकोने, सुनंदाबाईने, थेट सोयरिकीची तयारी केली. "घर भरेल दिसाले जोयजे," म्हणत तिने गल्लीभरची भांडी आणून फळ्या भरल्या. मंडळाच्या प्रमिलाबाई आल्या आणि पोहे बाजूला सारून भांड्यांवर कोरलेली नावं वाचू लागल्या. पितांबर. जीवराम. कुंदाबाई.

"एवढी माणसं राहतात इथे?"

"येतात-जातात," अभिमन म्हणाला.

शेवटी त्या पाण्याच्या हंड्यापाशी थांबल्या. तेवढं एकच भांडं उसनं नव्हतं. रोजचं, म्हणून त्यावर काही लिहिलंय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बाईंनी मोठ्याने वाचलं, "यशोदास लग्नात भाऊ अभिमनकडून सप्रेम भेट." आणि लिहून घेतलं.

सुनावणीत अध्यक्षांनी तानूला विचारलं, "यांना ओळखतेस?"

"वळखस ना. हंडा लेवाले येल व्हतात."

कुणी हसलं असतं तर अभिमनला बरं वाटलं असतं. अध्यक्षांनी अहवाल चाळला. "हंडा त्याच दिवशी पोचला, पोरीला आठ महिने. दोघांत जड कोण होतं, भाऊ?"

अभिमनने टोपी काढून हातात धरली. दुसरा नातलग नव्हता, म्हणून पोर त्यालाच मिळाली.

घरी फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. तानू हंड्यातलं पाणी प्यायली, गडू पालथा ठेवला आणि म्हणाली, "मामा, तो बाजार व्हई गया का?"

दुसऱ्या दिवशी अभिमनने तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज लिहवून घेतला:

'मेहेरबान अध्यक्ष यांसी, विनंती की, बालिकेचे निरीक्षणगृहातील आठ महिने दप्तरातून कमी करून ती हंड्यासोबतच अर्जदाराच्या घरी आली असे धरण्यात यावे, व तसा दाखला बालिकेस पटेल अशा भाषेत मिळावा.'