गोत्राबाहेरची

“तिघे काका गेले, मग तूच कशी बचलीस गं आत्या?”

प्रश्न वनमालाच्या मैत्रिणीचा, सरोजिनीचा. शाळेत तिने पैज लावली होती, हिंमत असेल तर घरी विचारून दाखव. पण दौलतगंजच्या घरात, ऐन सर्वपितरीला, तिघा काकांची पानं वाढत असतानाच तो विचारणं, हे धाडस वनमालाचं स्वतःचं. आईच्या हातातली पळी थांबली. तिघेही आतड्याच्या कॅन्सरने गेले होते, पंचेचाळिशीच्या आत. चौथे भाऊ म्हणजे वनमालाचे बाबा. ते चव्वेचाळीसचे होते. त्यांनी मान वर केली नाही.

आई हळूच म्हणाली, “लग्नात तिचं गोत्र बदललं ना.”

घरात सगळ्यांची हीच समजूत. शाप गोत्राला आहे. मुलगी दुसऱ्या गोत्रात गेली की सुटली. आता नवं राज्य होऊन बाबांची कचेरी राजधानीला, भोपाळला चालली होती, त्याआधी सोळा वर्षांच्या वनमालाला उजवून टाकायचं, हे त्याचसाठी घाटत होतं.

शालिनीआत्या हसली. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली, नर्स झाली, आणि संधिवाताने बोटं वाकडी झाली तरी ड्यूटी चुकवली नाही. “गोत्राला कशाला विचारता? माझ्या या गोळीला विचारा,” म्हणत तिने ॲस्पिरिन गिळली. वीस वर्षं ती रोज हेच करत होती.

थट्टाच ती. पण वनमाला दुसऱ्या दिवशी आत्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली. गोळीनेच वाचली का आत्या? बाई हसल्या नाहीत. एकीवरून काहीच ठरत नाही, म्हणाल्या. असेल, नसेलही, हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासली तर कळेल. आणि ही गोळी घरात वाटत सुटू नकोस, पोटात रक्तस्राव होतो तिने. मग त्यांनी विचारलं, तीन भाऊ गेले, चौथ्याला कुणी दाखवायला आणलंच नाही?

परतताना भर दुपारी, माधवगंजच्या गर्दीत, तिला वाटत राहिलं की तिघे काका मागून चालत येताहेत, मध्ये चौथ्याची जागा सोडून. तिने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी आई इंदूरच्या मुलाची पत्रिका घेऊन बसली होती. बाबा कचेरीचे कागद बांधत होते.

“मी लग्न नाही करणार,” वनमाला म्हणाली. “भोपाळलाही नाही येत. इथेच आत्याबरोबर राहून सायन्स घेणार.”

आईचा चेहरा उतरला. “आणि गोत्र?”

“बाबांचं आहे तेच राहू दे माझं. आणि उद्या सकाळी मी त्यांना दवाखान्यात नेणार आहे.”