मागची वीट

सुतारांच्या पटाशा घडवणारी ती बाई मोठी हसरी, पण त्या सकाळी हसता हसताच तिने मनाशी पक्कं केलं होतं की आज ही वीट फुटली तर धंदा बंद. गेल्या वर्षापासून तिचा हात थरथरत होता, आणि पोलाद तापवायच्या त्या पेटीएवढ्या विजेच्या भट्टीची मागची वीट बदलायची म्हणजे हाताची परीक्षाच. वीट कसली, पावासारखी हलकी नि सच्छिद्र. नुसतं बोट दाबलं तरी खड्डा पडायचा. म्हणून विटेला बोटांनी कधी ढकलायचं नाही, सपाट फळीनेच सरकवायचं, हे तिने नवऱ्याकडूनही घोकून घेतलं होतं.

नवरा शिंपी, अंगाने ऐसपैस. तो भट्टीच्या तोंडाशी बॅटरी धरून बसला, आणि ती मागचा पत्रा काढून फळीने वीट आत लोटू लागली.

“अहो, तापायच्या तारेला लागत नाही ना? नीट बघा.”

“मग काय सिनेमा बघतोय? येऊ दे, येऊ दे... जरा डावीकडे. आतून धरली असती गं, पण या बिळात माझं मनगट शिरेल तर शपथ!”

ती खुदकन हसली, आणि नेमका तेवढ्यात हाताने दगा दिला. फळी सटकली, वीट तिरकी होऊन भसकन आत गेली, दचकून नवऱ्याच्या हातची बॅटरी खाली पडली. पण वीट आपटल्याचा आवाज काही झाला नाही. वीट मध्येच थांबली, जराशी हलली, सरळ झाली आणि अलगद जागेवर बसली; कडेचा कणसुद्धा सांडला नाही.

“वा गं माझ्या राणी! आणि म्हणे हात थरथरतो!”

ती धावत पुढे आली, बॅटरी घेऊन आत डोकावली. बसवण्याआधी ब्रशने झाडून, उजेडात धरून तिने स्वतः तपासलेल्या विटेच्या आतल्या अंगावर चार खळगे होते, बारीक, लांब बोटांचे.

“तुझीच बोटं असतील,” नवरा म्हणाला. “आणि बिघडलं काय? बसली ना!”

खरंच काही बिघडलं नव्हतं. धंदा वाचला होता. आनंदाने तिचे डोळे भरून आले. आता भट्टी हळूहळू तापवायची, एवढंच उरलं होतं. तिने दार लावलं, बटणाकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. ज्याने ऐन वेळी सांभाळून घेतलं त्यालाच भाजून काढायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. स्वतःचंच हसू येत असतानाही तिने दार पुन्हा उघडलं.

“झालं हो काम,” ती हळूच म्हणाली. “या आता बाहेर.”

“कोणाशी बोलतेस गं?” एव्हाना कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलेला नवरा हसला, आणि एका गिऱ्हाइकाने माप देताना पोट कसं आत ओढून धरलं होतं ते रंगवून सांगू लागला. सांगता सांगता तो अंग चोरून चौकटीला टेकला, कुणाला तरी वाट करून दिली, आणि पुढचं वाक्य तसंच चालू ठेवलं.