देवाला दिलेलं पानी

खरं सांगते बरं का! ह्यातला एक शबुद जरी खोटा निघाला, तर माझी कवळी हितंच बाजंवर गळून पडंल!

माझ्या नातसुनंचं, सविताचं, पयलं लेकरू तापात गेलं. आता पोरगी झाली, बारसं उद्यावर आलं. सविताला नाव ठेवायचं मधुरा. माझी सून सरजा अडून बसली, "धोंडाबाई ठेवा. गोड नाव ऐकलं की देव नेतो. धोंडा कोन नेतंय?" सविता पोरीला कवटाळून रडायली.

मलाच इचारा की! माझ्या आधीचे दोन भाऊ गेले म्हनून मी कडूबाई. देवानं चाखून थुकावं म्हनून!

दुपारी वट्यावर बसले, तर पालमच्या बसमधून देव उतरला. धोतर पार चुरगाळलेलं, बसायला जागा मिळाली नसंल. "कडूबाई, पानी द्या," म्हनला. दिलं तांब्याभर.

मंग इचारलं, "माझे भाऊ कामून नेले रे?"

"नावं गोड व्हती."

"मंजी तुला नाव कळतंय, मानूस न्हाई? मी त्यायच्याहून लय द्वाड. नुसतं नाव बदललं आन् तू फसलास?"

देव चुरगाळलेलं धोतर सारखं करायला लागला.

"सविताचं लेकरू तापलं, तवा तुला ठावं व्हतं का?"

"व्हतं."

"मंग वाचवता आलं न्हाई, का वाचवायचंच नव्हतं?"

देवानं उपरन्यानं घाम पुसला. "हळू बोल की माय. लोकं ऐकतील, नारळ बंद व्हतील."

"ते ऱ्हाऊ दे. ह्या पोरीच्या नावाचं सांग."

"काय बी ठेवा. मी नाव बघून नेत न्हाई."

"मंग काय बघून नेतोस?"

तेवढ्यात परतीची बस आली. आसा पळाला, एक चप्पल वट्याखालीच ऱ्हायली!

बारशाला ती चप्पल मी सरजापुढं धरली.

"आत्याबाई, ही तर मामंजींची हाय!"

"देवाचा बी त्योच नंबर हाय."

बाया खिदळल्या. सरजा बी हसली, पन लगेच डोळं पुसत म्हनली, "आत्याबाई, न्हाई ना नेनार?"

"नावापायी न्हाई," मी म्हनलं. "पुढचं त्याला बी सांगता आलं न्हाई."

सरजानं पाळन्याची दोरी सविताच्या हातात दिली. सविता वाकली आन् पोरीच्या कानात म्हनली, "मधुरा."

एक गोष्ट तेवढी मी बनवली. पानी.

न्हाई दिलं म्या त्याला.