हीटरजवळचं रीडिंग

निमकर सरांनी लाल पेनने आकड्याभोवती गोल काढला, त्यावरून दुसरा काढला आणि पेपर टेबलावर असा आपटला की चहाची बशी खणकली.

"हे काय आहे? आठ पॉइंट चार सात?"

द्वारका शेलार समोर उभी होती. पांढरा एप्रन, आत दोन स्वेटर, गारठ्याने लाल झालेली बोटं.

"मीटरवर तेवढंच दिसलं, सर."

"बाकी सगळ्यांना बरं आठ पॉइंट एक दिसलं! गणितानं तेवढंच येतं. तुला एकटीलाच वेगळं दिसतं का?"

वर्गाशी ते हिंदीत बोलत होते. द्वारकाचं आडनाव वाचल्यावर मात्र मराठीवर आले होते. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला की जीव सुखावतो म्हणतात. झापायला लागला की तोच दुप्पट लागतो.

गाझियाबादच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. बफर तयार करायचं, म्हणजे थोडं आम्ल पडलं तरी ज्याचा पीएच सहजासहजी हलत नाही असं द्रावण. मग तो पीएच मीटरवर मोजायचा, शेजारी गणिताने काढून दाखवायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे. मीटर ठेवलं होतं उत्तरेच्या खिडकीशी. तिची एक काच फुटून दोन हिवाळे झाले होते, तिथे पुठ्ठा लावला होता, आणि जानेवारीचं धुकं त्या पुठ्ठ्याला काय जुमानणार! अख्ख्या प्रयोगशाळेत हीटर एकच, तो बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या, म्हणजे निमकर सरांच्या, पायाशी. तशी रीतच होती. पोरांनी कुडकुडावं आणि साहेबांनी शेकावं.

"रीडिंग न घेताच मनचा आकडा ठोकून दिलास," सर म्हणाले. "याला कॉपी म्हणतात. मी केस लिहिणार."

केस म्हणजे द्वारकाचं वर्ष गेलं. वडील हवालदार, मे महिन्यात त्यांची पलटण आसामात जायची होती. आई आणि धाकटी भावंडं गावी परतणार, सातारच्याही पलीकडे. ही इथे कुणाच्या जिवावर राहून पुन्हा परीक्षा देणार? वर्ष गेलं की शिक्षणच गेलं.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या सुमित्रा मॅडम तरातरा पुढे आल्या. ह्या मुलांना त्याच शिकवत, आणि त्याही मराठीच.

"सर, ही मुलगी खोटं लिहिणारी नाही."

"मग मीटर खोटं आहे का?"

"मी लिहिलं ते दिसलं म्हणून लिहिलं," द्वारका मध्येच बोलली. "आमचे पप्पा म्हणतात, पहाऱ्यावर जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही."

"अच्छा! मग आता माझ्या पहाऱ्यात करून दाखव," सर म्हणाले. "मीटर इकडे आण. माझ्या टेबलावर."

मीटर उचलून आणलं. द्वारकाने त्याच बाटलीतलं बफर नव्या बीकरमध्ये ओतलं आणि सरांच्या टेबलाच्या कडेला ठेवलं. खाली हीटरच्या कांड्या लालभडक तापल्या होत्या.

"थांब. हात लावू नकोस. चहा होऊ दे."

चहा झाला, समोसा झाला. मग सरांना दिल्लीतल्या घरभाड्याची आठवण झाली आणि त्यावर सविस्तर बोलून झालं. पोरगी तशीच ताटकळत उभी! शेवटी रुमालाला बोटं पुसून ते म्हणाले, "हं, चलो."

द्वारकाने ठरलेल्या दोन द्रावणांत मीटर जुळवून घेतलं, इलेक्ट्रोड धुतला, टिपला आणि बीकरमध्ये सोडला. आकडे थोडे नाचले आणि स्थिरावले.

आठ पॉइंट एक दोन.

"बघा!" सर खुर्चीत मागे रेलले. "नीट केलं की नीट येतं. खोटं पचत नाही, बाई."

द्वारका मीटरकडे बघतच राहिली. मीटरने तिला भर वर्गात तोंडावर पाडलं होतं. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. सुमित्रा मॅडमच्याही मनात क्षणभर आलंच, पोरीने खरंच मनचं लिहिलं की काय? मग त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी आवराआवर करायला म्हणून बीकर उचललं, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

बीकर कोमट होतं. गारठलेल्या हाताला तरी कोमटच लागलं.

"एक मिनिट, सर."

त्यांनी तसराळं नळाखाली धरलं. टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी हाताला विंचवासारखं डसलं. तसराळं टेबलावर आणून त्यांनी त्यात बीकर उभं केलं आणि इलेक्ट्रोड पुन्हा बफरमध्ये सोडला.

"हा काय प्रकार?"

"बघत राहा ना."

आठ पॉइंट एक पाच. दोन. दोन सहा. आकडा जिना चढावा तसा चढत होता. मुलं बाकांवरून उठून पुढे आली. आठ पॉइंट तीन, मग चार. चार पाचवर येऊन तो रेंगाळला.

निमकर सर मूर्ख नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ट्रिस बफर," ते हळूच म्हणाले. "थंडीत पीएच चढतो त्याचा. आणि गणित आपण पंचवीस डिग्रीचं करतो. लक्षातच आलं नाही."

"तुमच्या लक्षात आलं नाही, आणि केस हिच्यावर?"

"अहो, आवाज कशाला चढवता? आपली माणसं म्हणून सांगतो. केस सोडली. हिने तेवढा आकडा खोडावा आणि आठ पॉइंट एक लिहावं. पूर्ण मार्क देतो. मिटलं!"

"खोडायचा कशाला? बरोबर आहे तो."

सरांनी शेजारच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर पंजा ठेवला. त्यांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता.

"मॅडम, तो बरोबर ठेवला तर ह्यांचं काय करू? तीच खिडकी, तेच मीटर, आणि सगळ्यांचं आठ पॉइंट एक. ही खरी, तर हे सगळे खोटे. यांना हे शिकवलं कुणी, ते मी विचारत नाही."

शिकवलं होतं सुमित्रा मॅडमनीच. दरवर्षी त्या वर्गात सांगत, गणित आधी करून ठेवा, मग मीटरकडे बघा. हसून सांगत. बाहेरच्या परीक्षकांना जुळणारे आकडे लागतात, उगाच पोरांचं नुकसान नको. सगळीकडे असंच चालतं. चालतं म्हणे! आणि ते न पाळणारी एकच पोर, तिलाच चोर ठरवायला निघाले होते.

द्वारकाने पेपर पुढे ओढला. टोपण काढून पेन हातात धरलं.

"मॅडम, खोडू?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने दमून विचारलं.

मॅडमनी तिच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि तिच्याच एप्रनच्या खिशात खोचलं. मग त्या वर्गाकडे वळल्या.

"सब लोग अपना पेपर वापस ले जाओ. रीडिंग दुबारा होगी, खिड़की के पास. गणित बाद में."

"मॅडम!" सर अर्धवट उठले. "माझ्या परवानगीशिवाय? मी वर कळवीन."

"जरूर कळवा. काय शिकवलं तेही लिहा, मी सही करते."

मीटर खिडकीशी परत गेलं. त्यासाठी प्लग हवा होता, म्हणून मॅडमनी वाकून हीटरचा काढला. दुसराही होता भिंतीत, पण त्यांनी हाच काढला. कांड्या कडकड वाजत काळ्या पडल्या. सरांनी मफलर कानांवर ओढला.

पहिला नंबर त्यागीचा. वर्गात दरवर्षी पहिला येणारा मुलगा. त्याने इलेक्ट्रोड आपल्या बफरमध्ये सोडला.

"मैडम," त्याने मान वर न करता विचारलं, "आठ पॉइंट चार छह आ रहा है. यही लिखूँ?"

"जो दिख रहा है, वही."

त्याने लिहिलं. त्याच्यामागच्या मुलीनेही लिहिलं.

निमकर सरांनी द्वारकाचा पेपर जवळ घेतला. लाल शाईचे ते दोन गोल काही खोडता येण्याजोगे नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आकड्याच्या बाजूला बरोबरची खूण केली. मुंगीएवढी. पेपर गठ्ठ्यात सारायला उचलला, तर द्वारका समोरच उभी.

"सर," ती म्हणाली, "गोल दिसतोय. खूण दिसत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुमित्रा मॅडमकडे. मग पेनचं टोपण पुन्हा काढलं.