ज्ञपाशी अडलेला आवाज

सोमवारी सकाळी चित्रा मोघेनं टेबलावरचा संगणक सुरू केला आणि तो बोललाच नाही.

चित्रा जन्मांध. उत्तरेत, हज़रतगंज भागातल्या एका केंद्रीय कार्यालयात ती सहा वर्षं हिंदी अनुवादक होती. पडद्यावरचं अक्षर न अक्षर कानात वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तिच्या संगणकात होता. त्याच्या जोरावर ती इंग्रजी पत्रांची हिंदी करी आणि तिच्या हातून गेलेला मसुदा सहसा परत येत नसे. पण २०११च्या जुलैअखेर कार्यालयानं बेचाळीसच्या बेचाळीस संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेले. चित्राचा प्रोग्राम विंडोजखेरीज कुठं चालत नाही, हे ठरवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

विभागप्रमुख नरेंद्र सक्सेना तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, पण अडचण दिसली की ती उचलून दुसरीकडे ठेवायची त्यांची सवय होती.

"चित्राजी, बुरा मत मानिए. शुक्रवार तक देख लेते हैं. नहीं जमा, तो टेलिफोन एक्सचेंज में आराम से बैठिए. ऑर्डर मैंने बनवा रखा है."

ऑर्डर आधीच तयार आहे म्हणजे शुक्रवारची मुदत नावापुरतीच, हे चित्राला कळलं. एक्सचेंजमध्ये बसायचं म्हणजे दिवसभर 'होल्ड कीजिए' म्हणत राहायचं. एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आली होती ती.

संध्याकाळी महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी बाबा, म्हणजे चंद्रशेखर मोघे, हे ऐकून भडकले. रेल्वेत इंजिनियर म्हणून हयात घालवलेले बाबा निवृत्तीनंतरही कागदाला कागदानंच उत्तर देत.

"उद्याच अर्ज टाकू. कायदा आहे, चित्रा. तुझी जुनी मशीन तुला परत द्यायलाच लागेल त्यांना."

"देतील हो. आणि मग सगळ्यांच्या फायली एका तऱ्हेच्या आणि माझ्या वेगळ्या. दर वेळी कुणीतरी मला बदलून द्यायच्या. यार बाबा, मला असं कोपऱ्यात नाही बसायचं."

"मग काय करणार आहेस?"

"शिकणार."

लिनक्सबरोबर पडदा वाचणारा एक मोफत प्रोग्राम येतो, एवढं तिला ठाऊक होतं. तंत्र सहायक जयसिंगनं तो मंगळवारी सुरू करून दिला. आवाज ऐकून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी नाकात बोलावं तसा तो होता. बटणंही सगळी निराळी. पण दोन दिवस डबा न उघडता, जेवणाची सुट्टी न घेता ती बटणं घोकत राहिली, आणि बुधवारी दुपारपर्यंत बोटांना वाट सापडली.

तेवढ्यात तिला त्या आवाजातलं व्यंग कळलं. मजकुरात 'ज्ञ' आला की आवाज जागच्या जागी थांबे आणि उरलेली ओळ गिळून टाके. 'ज्ञापन' अडलं, 'अज्ञात' अडलं. ज आणि ञ सुटे आले तर तो नीट वाची. त्यांचं जोडाक्षर झालं की मुका.

जुन्या प्रोग्रामच्याही खोडी होत्या. त्याबद्दल कंपनीला दोनदा लिहिल्यावर 'यात बदल करता येणार नाही' असं छापील उत्तर आलं होतं. आता लिहायचं तरी कुणाला? जयसिंग म्हणाला, हा प्रोग्राम वापरणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट आहे, तिथं लिहून पाहा. तिनं चार ओळी लिहून पाठवल्या. फारशी आशा न धरता.

गुरुवारी साडेअकराला दिल्लीहून फॅक्स आला. संसदेत प्रश्न लागला होता. उत्तर हिंदीतही हवं, चार वाजेपर्यंत. सक्सेनांनी इंग्रजी मसुदा तिच्या संगणकावर पाठवला आणि स्वतः येऊन उभे राहिले.

"वैज्ञानिकों के खाली पदों का सवाल है. हो जाएगा न? नहीं तो बता दीजिए, बाहर से करवा लेंगे."

"हो जाएगा, सर."

ते गेल्यावर तिनं मसुदा ऐकला. पाच पानं. वरिष्ठ वैज्ञानिक, कनिष्ठ वैज्ञानिक, वैज्ञानिक सहायक. ओळीओळीला ज्ञ होता.

भाषांतर तिनं दीड वाजता पुरं केलं. इंग्रजी ऐकायचं आणि हिंदी टंकायची, तिथं काही अडलं नाही. अडलं ते पुढं. आपण काय टंकलं हे तिला तपासता येईना. ओळ सुरू होई, "वरिष्ठ वै" म्हणे आणि संपे. पदांच्या आकड्यात एखादं शून्य इकडचं तिकडे झालं असेल तर? अक्षर अक्षर करून पाच पानं तपासायला संध्याकाळ झाली असती. शेजारच्या कुणाला वाचायला सांगावं, तर सक्सेनांना हवं होतं ते कारण आयतंच त्यांच्या हातात गेलं असतं.

तिनं मेल उघडली. उत्तर आलेलं होतं. कोइमतूरच्या पद्मा नावाच्या एका शिक्षिकेचं. तीही अंध. इंग्रजीत लिहिलं होतं, 'मला हिंदी अजिबात येत नाही. पण कुठल्या अक्षराचा काय उच्चार करायचा, त्याचे नियम एका साध्या फाइलीत असतात. ती उघडा. तुमच्या जोडाक्षराचा नियम अर्धवट राहिलेला दिसतो. पुरा करा आणि खालची आज्ञा द्या. आधी फाइलीची प्रत मात्र ठेवा. चुकलं तर हिंदी आवाज पूर्ण बंद पडेल.'

चित्रानं ते दोनदा ऐकलं. सहा वर्षं ती दुसऱ्यांनी बंद करून दिलेल्या आवाजाशी जुळवून घेत आली होती. हा आवाज उघडता येत होता, आणि तोही तिला.

फाइल बदलायला पासवर्ड लागत होता. तो जयसिंगकडे. जयसिंग जेवायला गेलेला. तो आला तेव्हा अडीच वाजले होते.

"मॅडम, आज मत कीजिए," तो कळवळून म्हणाला. "बंद हो गया तो सक्सेना साहब मुझे भी नहीं छोड़ेंगे."

"बंद हो गया तो मैं खुद जाकर बोलूँगी कि मैंने किया. पासवर्ड डालो, जयसिंग."

त्यानं तो टाकला. फाइलीची प्रत करून चित्रा एकेक ओळ खाली उतरू लागली. जी ओळ दुरुस्त करायची तीच वाचता येत नव्हती. म्हणून ती बाण दाबत एकेक अक्षर ऐकत गेली. ज. हलन्त. ञ. आणि पुढं काहीच नाही. तिथं तिनं उच्चार लिहिला, आज्ञा दिली.

हेडफोनमध्ये शांतता.

तिनं दुसरं बटण दाबलं. तिसरं. काही नाही. हिंदी आवाज पुरता गेला होता. एका कानावरचा हेडफोन सरकवून ती जयसिंगकडे वळली.

"क्या लिखा है स्क्रीन पर? जल्दी पढ़ो."

"एरर है... लाइन में कोई ब्रैकेट खुला रह गया, मॅडम."

"कितने बजे?"

"तीन बजकर पाँच."

तिनं आवाज इंग्रजीवर नेला आणि त्या ओळीवर परतली. कंस सापडला. बंद केला. आज्ञा देण्याआधी ओळ पुन्हा एकदा, चिन्ह चिन्ह करून, ऐकली. मग हिंदी आवाज लावून तिनं मसुद्याची पहिली ओळ धरली.

"वरिष्ठ वैद्न्यानिक," आवाज म्हणाला आणि थेट पूर्णविरामापर्यंत गेला.

घाईत तिनं ज्ञचा उच्चार घरचा लिहिला होता! हेडफोनमधून बाहेर झिरपलेलं जयसिंगला ऐकू आलं.

"यह क्या बोल रहा है? 'वैग्यानिक' होना चाहिए न?"

"मराठी बोल रहा है," चित्रा म्हणाली. तिला एकदम हसू फुटलं. "बोलने दो. अभी टाइम नहीं है."

पाचही पानं तिनं त्या मराठी वळणाच्या हिंदीत ऐकली. तिसऱ्या पानावर सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर पडलं होतं. ते दुरुस्त केलं. पावणेचारला मसुदा सक्सेनांकडे गेला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, इंग्रजीशी आकडे ताडून पाहिले आणि एक शब्द बदलायला सांगितला. चार वाजायला सहा मिनिटं असताना फॅक्स सुटला.

मग ते तिच्या टेबलाशी आले. जयसिंगनं त्यांना सगळं सांगितलं असणार.

"और कल कोई दूसरा अक्षर अटक गया तो?"

"अटकेगा, सर. अटकना बंद नहीं होगा," ती म्हणाली. "पर अब मुझे पता है कहाँ देखना है."

शुक्रवारी ऑर्डर निघाली नाही. रद्दही झाली नाही. 'होल्ड पर है,' एवढंच कळलं. त्या टांगत्या अवस्थेत तिनं अडीच महिने काढले. संसदेचं अधिवेशन संपलं, दोन अहवाल झाले. मधल्या काळात तिनं हिंदीसाठी 'ग्य'चा नियम नीट लिहून लिस्टवर पाठवला. बाबांनी लिहिलेला अर्ज खणात तसाच पडून राहिला. रोज जेवताना ते विचारत, "आलं का काही?" आणि ती मानेनंच नाही म्हणे.

ऑक्टोबरात एका सकाळी सक्सेना कागद घेऊन आले.

"चित्राजी, वह एक्सचेंजवाला ऑर्डर कैंसल हो गया. लीजिए, मैं पढ़ देता हूँ."

तिनं हेडफोन कानावर चढवले.

"कागज़ रहने दीजिए, सर. मेल कर दीजिए," ती म्हणाली. "मैं पढ़ लूँगी."